पाचातून चार

दादाने क्लच दाबला. मी गिअर टाकला. दादाने क्लच सोडला. राजूर मागे टाकून आम्ही जालन्याकडे चाललो होतो आणि तिथे गाडीचं इंजिन फुटलं. गाडीत आम्ही नऊ जण होतो. कुणालाही लागलं नाही. त्यानंतर पाचव्या महिन्यात दादा गेला.

गाडी दादाची, स्टिअरिंग दादाच्या हातात, मग गिअर मी का टाकला, हे आमच्या भागातल्या माणसाला विचारावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. दादा माझा थोरला भाऊ. जाफराबाद ते जालना अशी प्रवासी जीप त्याने सव्वीस वर्षं चालवली. प्रवासी जीपमध्ये पुढच्या बाजूला ड्रायव्हर धरून चार माणसं बसतात, कधी पाच. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक जण चिकटून बसतो, त्यामुळे ड्रायव्हर तिरका होतो आणि गिअरचा दांडा जातो शेजारच्या माणसाच्या दोन गुडघ्यांच्या मधे. त्या जागेवर बाया बसत नाहीत. पुरुष बसला तर दर वेळी त्याला पाय फाकवायला सांगावं लागतं. ही जागा दादा माझ्यासाठी ठेवायचा. मी जालन्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि नोकरी लागल्यापासून सकाळी त्याच्याच गाडीने जात होतो.

एकदा गर्दी इतकी होती की दादाचा डावा हात वरच येईना. तो म्हणाला, "टाक रे तूच. खाली वढ." मी ओढला. पडला. त्या दिवसापासून ते काम माझं झालं.

सुरुवातीला तो आकडा सांगायचा. दोन. तीन. पुढे आकड्याची गरज उरली नाही. त्याचा डावा गुडघा खाली गेला की माझा हात जायचा. इंजिनाचा आवाज कानाला सांगायचा की आता वरचा हवा की खालचा. माझ्या डाव्या हातात पुस्तक असायचं आणि उजवा हात दांड्याच्या मुठीवर. वाक्य न तोडता मी गिअर टाकायचो. मला गाडी चालवता येत नाही. कधी आलीच नाही. मला फक्त गिअर टाकता येतो, तोही फक्त दादाच्या क्लचवर.

स्टँडवरचे ड्रायव्हर हसायचे. मी दिसलो की एक जण हमखास ओरडायचा, "आला रे, दादाचा डावा हात आला!" दुसरा म्हणायचा, "सर, पगार कॉलेजाचा अन् ड्यूटी जीपवर, बरंय तुमचं." दादा त्यांना म्हणायचा, "तुमच्या भावाला सांगा ना टाकायला. त्याला तमाकू मळायला दोन्ही हात लागतेत." ही गोष्ट आमच्यात अभिमानाचीच होती. दादा अकरा वर्षांनी मोठा. आम्ही दोघं घरी फारसं बोलत नसू. त्या रस्त्यावर रोज तासभर आम्ही न बोलता एक काम मिळून करत होतो, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

जुन्या जीपला चारच गिअर होते. ती जीप गेल्या वर्षी पार थकली. दादाने एक जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली. तिला पाच गिअर. पुढे दोन वेगळ्या सीटा, मधे दांडा, दादाचा हात आरामात पोचेल इतका जवळ. आता मी गिअर टाकण्याचं काही कारणच नव्हतं. पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो, पुस्तक उघडलं, दादाने गाडी चालू केली, त्याचा गुडघा खाली गेला आणि गाडी जागेवरच. तो वाट पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काय झालं? झोपला का?" मी हात दांड्यावर ठेवला आणि एक टाकला.

कारण उरलं नव्हतं, फक्त सवय होती, आणि त्या सवयीला मी नाही म्हटलं नाही. म्हणावंसंही वाटलं नाही. दादालाही वाटलं नसावं.

त्याच सुमारास दादाला एका कामाचा शब्द मिळाला होता. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यात बायका कामाला जातात. त्यांना आमच्या बाजूच्या गावांतून नेणारी-आणणारी बस एका ठेकेदाराकडे होती. तिच्यावरचा ड्रायव्हर सोडून चालला होता. बायांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून जीपला माणसं कमीच झाली होती. दादाला ते काम हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे मला एकट्याला माहीत होतं. सव्वीस वर्षं त्याने स्टँडवर उभं राहून हाळी दिली होती, जालना, जालना, जालना. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "आवाज न देता गाडी चालवायचीय एकदा. माणसं ठरलेली, टाइम ठरलेला. बसली की चाललं." मग जरा थांबून म्हणाला, "ते काम झालं का ही गाडी घरी राहील. तुला शिकवतो मंग. अर्धी येतीच तुला."

ठेकेदार दादाला ओळखत होता. दादाच्या हातून सव्वीस वर्षांत कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागलेला नाही, हे जाफराबादपासून जालन्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तेच त्याचं भांडवल होतं. ठेकेदार म्हणाला होता, एक तारखेपासून या.

एक तारखेला अजून नऊ दिवस होते.

सकाळची खेप होती. राजूरच्या पुढे रस्ता आता चांगला रुंद झाला आहे. गाडी पाचव्यात होती, काटा ऐंशीच्या पुढे. समोर सरकीची पोती भरलेला टेम्पो होता. दादाला तो ओलांडायचा होता, त्यासाठी चौथा हवा होता. त्याचा गुडघा खाली गेला. माझा हात गेला.

पाचवा वर असतो, दादाच्या बाजूला. चौथा खाली, मधे. मी दांडा खाली ओढला, आणि ओढताना तो माझ्याकडे आला. माणूस कुठलीही गोष्ट ओढतो तेव्हा स्वतःकडे ओढतो. मधली जागा ओलांडून तो डाव्या कडेला गेला, आणि तिथे खाली चौथा नसतो, दुसरा असतो. तो पडलाही सहज. काही अडलं नाही. दादाने क्लच सोडला.

आधी आवाज आला तो इंजिनाचा. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्यानंतर रोज ऐकतो. गाडी अशी दबली की मागची माणसं आमच्या पाठींवर आली. मग खालून एक घाव बसला, लोखंडावर घण बसावा तसा, आणि लगेच दुसरा. आणि मग आवाजच नाही. इंजिन नाही, काही नाही, फक्त टायर रस्त्यावर घसटत होते. दादाने क्लच पुन्हा दाबला. त्याने ब्रेकला पाय लावला नाही, हेही मला आठवतं. मागून एसटी येत होती. तिला जाऊ दिलं, आणि गाडी उरलेल्या वेगावर हळूहळू डाव्या कडेला नेऊन लिंबाच्या झाडाखाली उभी केली. बॉनेटच्या कडेने पांढरा धूर येत होता. मागे रस्त्यावर तेलाची लांब रेघ पडली होती.

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने दांड्याकडे पाहिलं. दांडा दुसऱ्यात होता आणि माझा हात अजून मुठीवर होता. बोटं उघडत नव्हती. दादाने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी मिळून दांडा न्यूट्रलला आणला. मग तो दार उघडून खाली उतरला.

मागची म्हातारी बाई विचारत होती, "काय झालं रे बाबा? काय फुटलं?"

दादा म्हणाला, "गिअर चुकला, आत्याबाई. माझ्याकडून चुकला."

मी पुढच्या सीटवरच होतो. हे मी ऐकलं. मला वाटलं, बोलायची रीत आहे ती, गाडी त्याची म्हणून तो असं म्हणतोय. मी उतरलो आणि गाडीखाली पाहिलं. इंजिनाच्या अंगाला एक भोक पडलं होतं, माझी मूठ जाईल एवढं, आणि त्यातून तुटलेल्या लोखंडाचं टोक बाहेर आलं होतं. ते लोखंड आतून बाहेर आलं होतं. मी ते पाहत राहिलो. माझ्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, की मी जोर लावला नव्हता. बिलकुल नाही. पान उलटायला लागतो तेवढाच जोर.

दादाने मागून आलेली एक जीप थांबवली, माणसं तीत बसवली आणि मलाही बस म्हणाला. "तुला कॉलेजला उशीर होईल. जा." मी गेलो. कॉलेजात जाऊन कपाटं उघडली, मुलांना पुस्तकं दिली. हे मी कसं केलं ते मला सांगता येत नाही.

गाडी ओढत जालन्याला नेली. मिस्तरी दादाच्या ओळखीचा होता, जुन्या जीपचं सगळं त्यानेच केलेलं. तिसऱ्या दिवशी त्याने इंजिन उघडलं तेव्हा मी कॉलेजातून तिकडे गेलो होतो. एका पत्र्यावर त्याने सगळं मांडून ठेवलं होतं. वॉल्व्ह वाकले होते, पिस्टनच्या माथ्यावर त्यांचे ठसे उमटले होते, आणि एक रॉड मधोमध तुटला होता. त्याचाच तुकडा भिंत फोडून बाहेर आला होता.

मिस्तरी म्हणाला, "ऐंशीच्या स्पीडला दोन टाकला म्हणल्यावर काय राहतंय? इंजिनाला पळायला लावलं त्याच्या ताकदीच्या भायर. आता याच्यात जीव न्हाई, दादा. दुसरं बसवावं लागंल, अन् त्याचा खर्चा गाडीच्या किमतीला जाईल." मग फडक्याला हात पुसत त्याने विचारलं, "पन दोन कसा काय पडला तुमच्याकडून?"

"पडला."

"न्हाई, मी काय म्हनतो, पाचातून चार घेताना डायवरचा हात एवढा तिकडं जातच न्हाई. तुम्ही तर अंगाकडं वढता." त्याने हवेत हात ओढून दाखवला. "जास्तीत जास्त मधेच अडकंल. दोनात कसा गेला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण तो थांबला, आणि थांबल्यावर त्याला कळलं हे मला कळलं.

दादा म्हणाला, "वढला तिकडं. झालं. चहा सांग."

तिथे मी बोलायला हवं होतं. माझ्या आणि त्या पत्र्याच्या मधे दोन पावलं होती. मी चहा प्यायलो.

स्टँडवर बातमी आमच्या आधी पोचली होती. दादा आता गाडीशिवाय स्टँडवर जाऊन बसायचा. मी एसटीची वाट पाहत उभा असलो की मला ऐकू यायचं. "दादा, दोन अन् चार सारखेच दिसायले का आता? चष्मा घ्या." "सव्वीस वर्षं चार गिअरवर काढली, पाचवा पचला न्हाई दादाला." हसणं सगळं आपुलकीचं होतं. दादाही हसायचा. "व्हय बाबा, पचला न्हाई," म्हणायचा. मला मात्र आता कुणी डावा हात म्हणत नव्हतं. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुस्तक घेऊन उभा असलेला एक सर, बस.

एक तारखेच्या दोन दिवस आधी ठेकेदाराने निरोप दिला. बसमध्ये पन्नास बाया असतात, रस्ता मोठा आहे, वय झाल्यावर हात चुकतो, राग मानू नका. दुसरा माणूस बघितला आहे.

दादा तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. निरोप आला त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. वहिनी आत होती. मी त्याच्या जवळ जाऊन बसलो आणि हळूच म्हणालो, "मी उद्या त्याच्याकडे जातो. सांगतो."

"काय सांगतो?"

"माझ्या हातून झालं म्हणून. तुझी चूक नव्हती म्हणून."

दादाने शेंग फोडली. दाणे खाल्ले नाहीत, वाटीत टाकले. "मंग तो काय विचारील?"

"काय?"

"विचारील का तुमचा हात तिथं काय करून राह्यला होता?"

मी वाटीतला एक दाणा उचलला.

"हे बघ," तो म्हणाला, "गिअर चुकला तर मानूस चुकला. मानूस चुकतो. पन पन्नास बायांची गाडी ज्याला द्यायची, त्यानं गिअर दुसऱ्याच्या हातात दिला म्हनल्यावर तो डायवरच न्हाई. जे झालं ते बराबर झालं. तू पुस्तकं वाच."

"पण जीपवर सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांना माहीत आहे मी टाकायचो ते."

"जीपवर जागा नव्हती. ह्या गाडीत होती." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "ह्या गाडीत काय कारन होतं, सांग बरं?"

वहिनी बाहेर आली तेव्हा तो तिला म्हणाला, "शेंगा खवट निघाल्या यंदा," आणि वाटी तिच्याकडे दिली.

त्याने सांगितलेलं कारण मी तेव्हा खरं मानलं नाही. मला वाटलं, तो मला वाचवतोय. कॉलेजातला भाऊ, लोक काय म्हणतील, म्हणून सगळं अंगावर घेतोय, आणि मला ओझं वाटू नये म्हणून वर कारणही रचून देतोय. आणि दुसरी गोष्ट लिहिलीच पाहिजे. त्याने नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मी त्या रात्री नीट झोपलो.

त्यानंतर चार महिने आणि काही दिवस. दादा कुणाच्या तरी जीपवर बदली म्हणून जायचा, कधी सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो घेऊन जायचा. पुन्हा हाळी देत उभा राहायचा, आता दुसऱ्याच्या गाडीसाठी. मी रोज एसटीने जात होतो. एका दुपारी कॉलेजात फोन आला. दादा जेवून उठला होता, हात धुताना मोरीपाशी बसला, आणि उठला नाही. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. त्याचा डावा हात चादरीबाहेर होता, तो मी आत घेतला.

अंत्ययात्रेला स्टँडवरच्या सगळ्या जीप आल्या होत्या. तेराव्याला जेवणं चालली असताना दोन ड्रायव्हर वाढत होते, आणि त्यातला एक पंगतीतल्या पाहुण्याला सांगत होता, "लई मोठा डायवर. सव्वीस वर्षांत एक चूक. एकच. गिअरची." मी पाण्याचा जग घेऊन त्याच्या मागे उभा होतो. ती एक चूक त्याच्या नावावर अशी बसली होती की आता गावाला त्याच्याविषयी सांगायला तेवढंच होतं.

आठवडाभराने मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि एमआयडीसीत ठेकेदाराकडे गेलो. गेटबाहेर त्याचं एका खोलीचं ऑफिस होतं. मी कोण ते सांगितलं. त्याने खुर्ची दिली, दादाबद्दल हळहळ व्यक्त केली. मग मी सगळं सांगितलं. गुडघा, क्लच, हात, पाचातून चार, पुस्तक. मी सावकाश, एकेक गोष्ट सांगितली, वर्गात सांगावी तशी. शेवटी म्हणालो, "त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

ठेकेदाराने आधी चहा सांगितला. वाईट माणूस नव्हता तो. मग म्हणाला, "सर, राग येऊ देऊ नका. मला इतके दिवस मनात वाटायचं, एका चुकीपायी मी चांगल्या माणसाचं काम काढलं. झोप लागायची न्हाई कधी कधी." त्याने टेबलावरची किल्ली उचलून पुन्हा ठेवली. "पन आता तुम्ही सांगितलं ते बरं झालं. माणसं भरलेली गाडी, ऐंशीचा स्पीड, अन् गिअर ज्याला गाडी येत न्हाई त्याच्या हातात. अन् तोही पुस्तक वाचतोय. मी बरोबरच केलं म्हणायचं."

मी उठलो. त्याने चहा मागवला होता, तो मी घेतला नाही. बाहेर कारखान्याची बस उभी होती, बायका डबे घेऊन उतरत होत्या आणि नवा ड्रायव्हर मोबाइल बघत बसला होता. मी तिच्या शेजारून चालत रस्त्यापर्यंत आलो. दादाने ओट्यावर मला खरंच सांगितलं होतं. तो मला वाचवत होता की स्वतःला, की दोघांना, ते मला कधी कळणार नाही, पण त्याने सांगितलेलं कारण खरं होतं. त्याने लहान चूक उचलली होती आणि तिच्याखाली मोठी झाकली होती. मी ती उघडून आलो. त्याच्या नावासाठी म्हणून गेलो होतो.

गाडी मिस्तरीने सुट्या भागांसाठी घेतली. स्टँडवर अजून तेच सांगतात, सव्वीस वर्षांत एक चूक, आणि मी ऐकून घेतो. ठेकेदाराने आतापर्यंत कुणाला काही सांगितल्याचं कानावर आलेलं नाही. घरात वहिनी आणि मी असे दोघंच आहोत. दादाकडून गिअर चुकला असंच वहिनीला माहीत आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.